पंचाचें आसन

बुद्धिबळाच्या पटावरील राजाला भूक लागत नाहीं, घोडा चिखलांत रुतत नाहीं, आणि उंटाच्या वाटेंत डोंगर आडवा येत नाहीं. चौसष्ट घरांचा तो मुलूख सर्वत्र सारखाच सपाट. दोन्ही सैन्यें उघड्या डोळ्यांनीं एकमेकांसमोर उभीं. आणि दैवाला तेथें मज्जाव. चतुरंगाच्या कर्त्यांनीं युद्धांत जें जें अनिश्चित तें तें हळूहळू गाळून टाकिलें, आणि मागें उरली ती निव्वळ बुद्धि. कित्येक शतकें लोकांस हें पुरेसें वाटलें. परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मन प्रदेशांतील कांहीं मंडळींस या सोवळेपणाचाच कंटाळा आला, आणि जें गाळलें होतें तें एकेक करून पटावर परत आणून ठेवण्याचा उद्योग त्यांनीं आरंभिला. आज घरोघरीं संगणकावर आणि मोबाइलवर जे व्हिडिओ गेम खेळले जातात, त्यांतील दोन मोठ्या कुळांचा पूर्ववृत्तांत या उद्योगापर्यंत मागें नेतां येतो.

एका कुळाला इंग्रजींत रोल-प्लेइंग गेम म्हणतात. त्यांत खेळणारा एखाद्या पात्राचा वेष घेतो, त्या पात्राच्या नांवानें बोलतो, लढतो, फसतो, आणि खेळ जसजसा पुढें जाईल तसतसें तें पात्रहि वाढत जातें. दुसरें कुळ सिम्युलेशन गेमचें. त्यांत शहर, विमान, राज्य अथवा एखादें घर खऱ्याच्या धर्तीवर चालवावयाचें असतें. आपल्याकडे या दोहोंसहि रूढ शब्द नाहींत. या लेखापुरतें पहिल्यास सोंगाचा खेळ आणि दुसऱ्यास प्रतिसृष्टीचा खेळ म्हणूं. 'सोंग' हा शब्द कित्येकांस हलका वाटेल. परंतु बहुरूप्याचें सोंग नीट वठलें म्हणजे ओळखीचा मनुष्यहि क्षणभर चकतो. तेव्हां शब्द हलका असला तरी काम हलकें नाहीं. प्रस्तुत लेखक या दोन्ही प्रकारांचा जुना खेळाडू आहे. पुढें जीं मतें येतील तीं खेळाडूचीं समजावीं, पंडिताचीं समजूं नयेत.

सुशिक्षित घरांत या खेळांविषयीं जी चर्चा होते ती वेळ किती जातो आणि डोळे किती बिघडतात या दोन प्रश्नांवर संपते. ते प्रश्न खोटे नाहींत. पण खेळतांना आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटत आलेला प्रश्न निराळा आहे: या खेळांत निवाडा कोण करतो? खेळाडूनें एक गोष्ट केली, तिचें फळ काय व्हावें हें ठरविण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि त्या अधिकाऱ्याला जाब विचारतां येतो कीं नाहीं? या खेळांचा दोनशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास या एकाच प्रश्नाभोंवतीं फिरला आहे, असें आमचें मत आहे.

ब्रन्सविक येथील योहान लुडविग हेलविग या गणिताच्या शिक्षकांनीं १७८० सालीं आपला युद्धाचा खेळ प्रसिद्ध केला. पट बुद्धिबळाच्याच जातीचा. मात्र घरें सोळाशेंहून अधिक, आणि त्यांस निरनिराळे रंग. एका रंगाचें घर म्हणजे डोंगर, दुसऱ्याचें पाणी, तिसऱ्याचें दलदल. पटावर प्रथमच भूगोल आला. हेलविग दरबारांतील सरदारपुत्रांस शिकवीत; हीं मुलें उद्यां सैन्यांत अधिकारी व्हावयाचीं, तेव्हां त्यांना बुद्धिबळाच्या गोडीनें युद्धाच्या अभ्यासाकडे न्यावें हा हेतु. परंतु घरें तीं घरेंच. खरी नदी चौकोनांतून वाहत नाहीं.

ही अडचण प्रशियांतील राइसविट्झ नांवाच्या पितापुत्रांनीं दूर केली. पिता ब्रेस्लाउ येथील मुलकी अधिकारी. त्यांनीं १८१२ सालीं राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याला एक मोठें मेज नजर केलें. त्यावर डोंगर, नद्या, गांवें घडविलेले तुकडे हवे तसे जुळवून पाहिजे तो मुलूख मांडतां येत असे. राजवाड्यांतील मंडळींस हें खेळणें फार आवडलें. परंतु राजवाड्यांतलें मेज पलटणींच्या छावण्यांत कसें जाणार? तें काम मुलानें केलें. तोफखान्यांतील या तरुण अधिकाऱ्यानें १८२४ सालीं खेळाचे नियम छापून काढले. मेजाऐवजीं आठ हजारांस एक या प्रमाणाचा खरा नकाशा, सैन्याच्या तुकड्यांकरितां तांबडे व निळे ठोकळे, आणि प्रत्येक पाळी म्हणजे युद्धांतील दोन मिनिटें. बंदुकांच्या व तोफांच्या प्रत्यक्ष चांचण्यांतून मिळालेले आंकडे घेऊन त्यांवर त्यानें फाशांचीं कोष्टकें बसविलीं. इतक्या पावलांवरून इतक्या शिपायांनीं गोळीबार केला तर समोरचे किती पडतील हें पट सांगेना, फासा व कोष्टक मिळून सांगूं लागले.

पण तरुण राइसविट्झची खरी करामत आणखी निराळी. त्यानें दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मध्यें एक तिसरा मनुष्य बसविला. खेळाडूंनीं ठोकळ्यांस हात लावावयाचा नाहीं. आपले हुकूम कागदावर लिहून या पंचाच्या हवालीं करावयाचे. पंच ते वाचणार, कोणती तुकडी कोठवर पोंचली हें ठरविणार, आणि शत्रूच्या दृष्टीस जेवढें पडणें शक्य आहे तेवढेंच नकाशावर मांडणार. टेकडीमागचें घोडदळ पंचाला ठाऊक, तुम्हांला नाहीं. जासूद वाटेंत अडकला तर तुमचा हुकूम उशिरां पोंचणार. युद्धांतील अज्ञान या एका योजनेनें खेळांत आलें. सेनापति म्युफलिंग यांस हा खेळ दाखविण्यांत आला तेव्हां प्रथम ते उदासीन होते. पाहतां पाहतां त्यांचें मत पालटलें, आणि हें युद्धाचेंच शिक्षण आहे असें म्हणून त्यांनीं तो सैन्याकडे शिफारशीनें धाडला. कर्त्याच्या नशिबीं मात्र या यशाचें सुख फार दिवस नव्हतें. टोरगाउ येथें बदली झाल्यावर १८२७ सालीं त्यानें आपल्या हातानें जीवनाचा अंत केला. पुढें १८६६ व १८७० च्या युद्धांत प्रशियानें जे विजय मिळविले, त्यांचें थोडें श्रेय इतर राष्ट्रांनीं या खेळासहि दिलें आणि जो तो त्याची नक्कल करूं लागला.

आतां पंच आला म्हणजे पंचाविषयीं वादहि आलाच. कोष्टकें इतकीं वाढलीं कीं एक लढाई निकालांत काढण्यास खऱ्या लढाईहून अधिक वेळ लागूं लागला. तेव्हां १८७६ सालीं व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्यानें उलट बाजूचा पुरस्कार केला. फासे व कोष्टकें ठेवा बाजूला. ज्यानें रणांगण पाहिलें आहे असा अनुभवी मनुष्य पंच म्हणून बसवा, आणि तो सांगेल तो निकाल. पहिल्या पद्धतीस कडक खेळ आणि दुसरीस मोकळा खेळ अशीं नांवें पडलीं. वाचकांनीं हे दोन शब्द ध्यानांत ठेवावे. पुढें संगणक येईल तेव्हां त्यांचें काम पडणार आहे.

मोकळ्या पंचाचा गुण उघड आहे. कोणत्याहि पुस्तकांत नसलेली युक्ति कोणी लढविली तर तो विचार करूं शकतो. त्याचा दोष किती घातक ठरूं शकतो याचें उदाहरण जपानी आरमाराच्या इतिहासांत आहे. मे १९४२ मध्यें मिडवेच्या मोहिमेपूर्वीं 'यामातो' जहाजावर तिची रंगीत तालीम खेळाच्या रूपानें घेण्यांत आली. वैमानिक अधिकारी फुचिदा यांनीं नमूद केल्याप्रमाणें, फाशांच्या निकालावरून अकागी व कागा हीं दोन विमानवाहू जहाजें बुडालीं असें ठरलें, तेव्हां मुख्य पंच उगाकी यांनीं तो निकाल फिरविला. शत्रूचे बाँब नऊ लागले होते ते तीन करून टाकिले. अकागी वांचलें. कागा बुडालें खरें, परंतु खेळाच्या पुढच्या भागांत तेंहि पुन्हा पाण्यावर आलें! पुढच्याच महिन्यांत खऱ्या समुद्रावर अकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू हीं चारहि जहाजें बुडालीं, आणि तेथें निकाल फिरविण्यास कोणी पंच नव्हता. उगाकी यांच्या पंचाईनेंच ही लढाई हरली असें कोणीहि शहाणा इतिहासकार म्हणणार नाहीं. पण ज्याला वरिष्ठांच्या इच्छेचें ओझें वाटतें त्याच्या हातीं फासा फिरविण्याचा अधिकार देणें म्हणजे काय, हें त्यावरून कळतें.

युद्धाचा हा खेळ सैन्याच्या कचेरींतून घरांत कसा आला हें थोडक्यांत सांगून पुढें जाऊं. इंग्रज कादंबरीकार एच्. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं खेळण्यांतले शिपाई आणि कमानीच्या तोफा घेऊन दिवाणखान्याच्या जमिनीवर खेळावयाच्या लढाईचें पुस्तक लिहिलें. १९५४ पासून अमेरिकेंत चार्ल्स रॉबर्ट्स यांनीं छापील पटावरील युद्धाचे खेळ विकावयास आरंभ केला. या खेळांत दोन्ही खेळाडू नियमांचें पुस्तक पाहून आपसांत निकाल लावीत. पंचाची जागा बहुधा रिकामीच असे.

ती जागा मिनेसोटांतील एका विद्यार्थ्यानें पुन्हा भरली. डेव्हिड वेसली यांच्या हातीं टॉटन नांवाच्या अमेरिकन सैनिकाचें १८८० चें एक जुनें पुस्तक आलें. खेळाडूला वाटेल तें करून पाहण्याची मुभा असावी आणि त्याचें फळ पंचानें ठरवावें, हा विचार त्यांना तेथें सांपडला. त्यांनीं १९६९ सालीं ब्राउनश्टाइन नांवाच्या एका कल्पित प्रशियन गांवाचा खेळ रचला. दोन सेनापति तर होतेच; पण खेळणारीं माणसें अधिक जमल्यामुळें बाकीच्यांस गांवांतील एकेक पात्र दिलें, कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार. लढाई सुरू होण्यापूर्वींच हीं पात्रें कोपऱ्यांत जाऊन कुजबुजूं लागलीं, परस्परांस फसवूं लागलीं. दोघांनीं तर द्वंद्वयुद्धच मांडलें. वेसली यांना वाटलें कीं सर्व गोंधळ झाला, खेळ फसला. खेळाडू मात्र दुसऱ्या दिवशीं विचारूं लागले, पुन्हा केव्हां? सोंगाच्या खेळाचा जन्म तो हाच. एवढ्या मोठ्या कुळाच्या मूळपुरुषाला आपल्या अपत्याची ओळख पटली नाहीं, ही या इतिहासांतील एक गोड गंमत आहे.

त्या मंडळींतील डेव्ह आर्नसन यांनीं पुढें एका किल्ल्याच्या तळघरांतील भुयारें कल्पून खेळाडूंस तेथें उतरविलें. एका खेळाडूला एकच पात्र. तें पात्र आजच्या बैठकींत वांचलें तर उद्यांच्या बैठकींत अधिक अनुभवी होऊन येणार. विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथील गॅरी गायगॅक्स यांनीं आर्नसन यांच्यासह या खेळाला नियमांचें रूप दिलें, आणि १९७४ सालीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नांवाच्या तीन पुस्तिका एका पेटींत घालून विक्रीस आल्या. पहिली आवृत्ति एक हजारांची. पेट्या हातानेंच भरलेल्या. मुखपृष्ठावर हा अजून युद्धाचा खेळ म्हणूनच वर्णिलेला होता. सोंग घेण्याचा खेळ हें नांव नंतर रूढ झालें. पंचाला येथें 'डंजन मास्टर' ही पदवी मिळाली. पडदा आडवा लावून तो बसतो, भुयाराचा नकाशा त्याच्या बाजूला, आणि तुम्ही काय पाहतां तें तो तुम्हांला सांगतो. राइसविट्झच्या नकाशामागचा अधिकारी हाच. त्याचा गणवेश तेवढा गेला.

या खेळाची खरी गोडी एका वाक्यांत आहे. पंच विचारतो, "मग तुम्ही काय करतां?" आणि उत्तराला मर्यादा नसते. जिन्यावरून राक्षस खालीं येत आहे. एक जण म्हणतो, मी तलवार उपसतों. दुसरा म्हणतो, मी कंदिलांतलें तेल पायऱ्यांवर ओततों. तिसरा म्हणतो, मी राक्षसाला विचारतों, तुला कोणी पाठविलें? या तिसऱ्या उत्तराची तरतूद कोणत्याहि पुस्तकांत नसेल. पंच क्षणभर थांबतो, हंसतो, आणि खेळ नवीन वाटेला लागतो. भातुकली खेळणाऱ्या मुलींस ही मौज चांगली ठाऊक असते. तेथेंहि पाल्याची भाजी होते आणि बाहुलीला ताप येतो; नियम छापलेले नसतात, पण जी मोठी असते तिचा शब्द चालतो.

आतां संगणक. इलिनॉय विद्यापीठांत प्लेटो नांवाची संगणकावर शिकविण्याची योजना होती. १९७५ च्या सुमारास तेथील विद्यार्थ्यांनीं भुयाराचे खेळ तींत चोरून लिहिले. त्यांतील एकाला अभ्यासाच्या धड्यासारखें 'पेडिट ५' असें कोरडें नांव दिलें, कीं व्यवस्थापकांस संशय येऊं नये. तरीहि तो पुसला जाई, आणि दुसरा कोणी तरी नवा लिही. १९८० मध्यें 'रोग' आला, त्यांत दर खेपेस भुयार नवेंच घडतें आणि पात्र एकदां मेलें कीं मेलेंच. १९८१ मध्यें 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' आले. जपानांत त्यांचे चाहते निपजले, आणि १९८६ च्या 'ड्रॅगन क्वेस्ट'पासून त्या देशानें या कुळाला आपलें असें वेगळें वळण दिलें. तो इतिहास मोठा आहे. येथें त्याला जागा नाहीं.

आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें या सर्वांत घडलें तें एकच. पंच उठला आणि त्याच्या आसनावर यंत्र बसलें. यंत्र थकत नाहीं, रागावत नाहीं, मित्राला झुकतें माप देत नाहीं, आणि मध्यरात्रीं एकट्या खेळाडूसहि नाहीं म्हणत नाहीं. उगाकींनीं जें केलें तें हें यंत्र आपण होऊन करणार नाहीं. परंतु राक्षसाला "तुला कोणी पाठविलें?" हें विचारण्याची सोय खेळ रचणाऱ्यानें आधीं केलेली नसेल, तर तो प्रश्न विचारतांच येत नाहीं. एका फटक्यांत मोकळा खेळ पुन्हा कडक झाला. मग त्यांत शिल्लक काय राहिलें? कोष्टकें! पात्राचें बळ इतकें, चपळाई इतकी, प्राण इतके. प्राण आंकड्यांत मोजण्याची ही रीत नौकायुद्धाच्या खेळांतून घेतली असें आर्नसन यांनींच सांगितलें आहे. म्हणजे वीराच्या छातीला जहाजाच्या चिलखताचा हिशेब लागला. संगणकावरील कित्येक सोंगाचे खेळ आम्ही आवडीनें खेळलों. पण खरें बोलावयाचें तर त्यांतील बहुतेकांत आम्ही वीर नव्हतों, वीराचे कारकून होतों. अधिक चांगली तलवार, अधिक मोठा आंकडा, आणि गांठोड्यांतील जमाखर्च.

या कारकुनींतून वर उठण्याचा सर्वांत धीट प्रयत्न रिचर्ड गॅरियट यांनीं १९८५ च्या 'अल्टिमा ४' मध्यें केला, आणि त्याचा आपल्याशीं संबंध आहे. या खेळाचें ध्येय 'अवतार' होणें हें आहे. शब्द आपलाच, अर्थ मात्र उलटा फिरविलेला. आपला अवतार वरून खालीं उतरतो. गॅरियट यांचा अवतार खालून वर चढतो. मारावयास कोणी खलनायक नाहीं. सत्य, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, आत्मनिष्ठा व नम्रता हे आठ गुण साधावयाचे. आरंभींच एक भविष्य सांगणारी स्त्री धर्मसंकटाचे प्रश्न विचारते आणि तुमच्या उत्तरांवरून तुमचें पात्र ठरतें. त्यांतील एक गोष्ट आम्ही विसरलों नाहीं. औषधी विकणारी बाई आंधळी आहे. किती नाणीं दिलीं हें तिला दिसत नाहीं, आंकडा तुम्हीच लिहावयाचा. कमी दिलें तरी ती आभार मानते. खेळ कांहीं बोलत नाहीं. परंतु कोठें तरी आंत नोंद होते, आणि पुष्कळ पुढें गेल्यावर सत्याचें द्वार बंद सांपडतें.

आपल्याकडील मोक्षपटावरहि सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप आहेत, परंतु तेथें चढउतार कवड्यांच्या दानावर अवलंबून. खेळणाऱ्याच्या शीलाची परीक्षा होत नाहीं. गॅरियट यांनीं ती घेतली, हें मोठेंच काम. तरी आमची तक्रार राहतेच. एकदां नोंद कशी होते हें कळलें कीं खेळाडू नाणीं पुरीं मोजतो तें आंधळीकरितां नव्हे, खात्यावरील जमेकरितां. न बोलणारा पंच न्यायाचा असतो. पण त्याचें वहीखातें हातीं लागलें कीं पुण्याचाहि व्यापार होतो.

दुसऱ्या कुळाकडे वळूं. प्रतिसृष्टीच्या खेळांतील सर्वांत प्रामाणिक शाखा विमानाची. एडविन लिंक या अमेरिकन तरुणानें १९२९ सालीं बापाच्या ऑर्गनच्या कारखान्यांतील भाते व नळ्या वापरून जमिनीवरच डुलणारें एक बुटकें विमान केलें. सैन्याला त्याचें महत्त्व पटेना. आरंभीं तें जत्रेंतील करमणुकीच्या बागांनीं विकत घेतलें. पुढें १९३४ मध्यें टपाल नेण्याचें काम सैनिकी वैमानिकांवर पडलें, वाईट हवेंत एकामागून एक अपघाती मरण पावूं लागले, तेव्हां सरकारानें तीं यंत्रें घेतलीं, आणि दुसऱ्या महायुद्धांत असंख्य वैमानिक त्यांवर शिकले. संगणकावरील घरगुती विमान ब्रूस आर्टविक यांनीं १९७९ मध्यें आणिलें. मायक्रोसॉफ्टच्या नांवानें तें १९८२ पासून परिचित आहे. येथें पंच कोण? हवा. पंखावर किती भार पेलेल हें कोणाच्या मताचें काम नाहीं. खेळांत चूक असेल तर खऱ्या विमानाकडे बोट दाखवून ती सिद्ध करतां येते.

शहराचें तसें नाहीं. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांतले जे फॉरेस्टर हे संगणकाच्या चुंबकीय स्मृतीकरितां प्रसिद्ध असलेले अभियंते. त्यांनीं बॉस्टनचे माजी महापौर कॉलिन्स यांच्याशीं बोलून शहराची वाढ व ऱ्हास समीकरणांत बसविला आणि १९६९ सालीं तो ग्रंथ प्रसिद्ध केला. गरिबांसाठीं स्वस्त घरें बांधल्यानें शहराची स्थिति उलट बिघडते, असा एक निष्कर्ष त्या समीकरणांतून निघाला, आणि त्यावर मोठें वादळ उठलें. समीकरणें बरोबर सुटलीं होतीं. वाद होता तो त्यांत काय घातलें आणि काय वगळलें याविषयीं. हा ग्रंथ विल राइट यांनीं वाचला. राइट त्या आधीं बाँब टाकण्याचा एक खेळ करीत होते, आणि शहरें उडविण्यापेक्षां तीं मांडण्यांतच आपल्याला अधिक मौज वाटते असें त्यांच्या ध्यानांत आलें. या दोन गोष्टींच्या संयोगांतून १९८९ सालीं 'सिमसिटी' निघाला.

खेळ अपूर्व आहे यांत शंका नाहीं. जिंकणें नाहीं, हरणें जवळजवळ नाहीं. रस्ता ओढावा, वीज न्यावी, आणि रिकाम्या माळावर घरें आपोआप उगवतांना पाहावीं. आम्ही त्यावर किती रात्री घालविल्या हें न सांगितलेलेंच बरें. परंतु त्यांतील महापौराला निवडणूक नाहीं, सभा नाहीं. एका टिचकीसरशी वस्ती उठवावी, कोणी दाराशीं येऊन रडत नाहीं. राहण्याचा भाग, व्यापाराचा भाग आणि कारखान्यांचा भाग हे निरनिराळे आंखावे लागतात. खालीं दुकान, वर बिऱ्हाड, मागच्या चौकांत छापखाना असा पुण्याच्या पेठेंतला वाडा किंवा गिरगांवांतली चाळ या नगरांत बांधतांच येत नाहीं! ज्यानें हा खेळ रचला त्याला तीं ठाऊक नव्हतीं, म्हणून त्या सृष्टींत तीं अशक्य. हा कांहीं गुन्हा नाहीं. प्रत्येक नकाशा कांहीं तरी वगळतोच. मौज अशी कीं खेळणाऱ्याला वगळलेलें दिसत नाहीं. शेरी टर्कल या विदुषींनीं एका शाळकरी मुलीचें उदाहरण दिलें आहे. कर वाढविले कीं दंगे होतात हा तिनें या खेळांतून काढलेला सिद्धांत. मुलीनें तो पुस्तकांत वाचला असता तर कदाचित् "कशावरून?" असें विचारलें असतें. १९९० मध्यें तर प्रॉव्हिडन्स येथील वृत्तपत्रानें महापौरपदाच्या उमेदवारांनाच हा खेळ खेळावयास लाविलें. आणि २०१३ च्या नव्या आवृत्तीचे रचनाकार मोकळेपणानें सांगून गेले कीं, अमेरिकन शहरांत मोटारी उभ्या करण्यास जेवढी जागा खरोखर लागते तेवढी दाखविली असती तर खेळांतलें शहर कुरूप दिसलें असतें. म्हणून ती जमिनीखालीं असल्याचें मानून घेतलें.

राइसविट्झनें आपलीं कोष्टकें छापलीं होतीं. ज्याला तीं पटत नसत तो पुस्तक उघडून दाखवूं शकत होता, आणि व्हेर्डींनीं तेंच केलें. संगणकानें हें पुस्तकच मिटवून टाकिलें. या बाबतींत 'सिमसिटी'च्या नांवावर एक चांगली गोष्ट जमा करावी लागते: २००८ मध्यें मुलांच्या स्वस्त संगणकाच्या योजनेनिमित्त जुन्या खेळाची मूळ लिखाणप्रत 'मायक्रोपोलिस' या नांवानें सर्वांस खुली झाली. ज्याला ठाऊक करून घ्यावयाचें असेल तो आतां गुन्हेगारी आणि जमिनीची किंमत यांचें सूत्र कोठें लिहिलें आहे तें पाहूं शकतो, आणि वाटल्यास बदलूं शकतो. आमच्या मतें इतिहासांत या खेळाचें स्थान त्याच्या खपापेक्षां या गोष्टीनें अधिक पक्कें झालें.

पुस्तक मिटलें कीं त्याच्या जागीं दंतकथा वाढतात, याचा एक नमुना आपल्या कामाचा आहे. सिड मायर यांच्या १९९१ च्या 'सिव्हिलायझेशन' मध्यें महात्मा गांधी हिंदुस्थानचे नायक आहेत, आणि ते अण्वस्त्रांची धमकी देतात ही गोष्ट खेळाडूंत फार प्रसिद्ध. तिचें स्पष्टीकरणहि तयार होतें: गांधींचा आक्रमकपणा एक होता, लोकशाहीमुळें त्यांतून दोन वजा झाले, आणि संगणकाला ऋण आंकडा न कळल्यामुळें त्याचे एकदम दोनशें पंचावन्न झाले. गणित इतकें चोख कीं आम्हीहि तें वर्षानुवर्षें इतरांस ऐकविलें. मायर यांनीं २०२० च्या आत्मचरित्रांत असा दोष मूळ खेळांत नव्हताच असें सांगून टाकिलें. आंत काय आहे हें कोणालाच दिसत नव्हतें, म्हणून सर्वांनीं विश्वास ठेविला.

राइट यांचें स्वतःचें घर १९९१ च्या ओकलंड येथील आगींत जळालें. नवीन संसार मांडतांना कोणती वस्तु आधीं घ्यावी, कोणती नाहींच घेतली तरी चालेल, या विचारांतून 'द सिम्स' हा खेळ सुचला. तो २००० मध्यें आला. ही संगणकाची भातुकलीच. घरांतील माणसांस भूक, झोंप, सोबत यांच्या गरजा, आणि प्रत्येक वस्तु "मी ही गरज भागवीन" असें जणुं ओरडून सांगत असते. या पसाऱ्यावर उपहास करावा हा राइट यांचा हेतु होता. खेळणाऱ्या लाखों लोकांनीं मात्र उपहास बाजूला ठेवून मोठा पलंग घेतला! खऱ्या भातुकलींत नारळाच्या करवंटीचा गंज होतो. 'सिम्स'मध्यें गंजाखेरीज स्वयंपाक नाहीं. या एका फरकामुळें हा खेळ आम्हांस फार काळ रुचला नाहीं. घरांतील इतरांचें मत निराळें आहे, हें सांगणें न्यायाचें होईल.

२०१९ पासून पंचाच्या आसनावर एक नवा उमेदवार येऊन बसला आहे. भाषा रचणाऱ्या यंत्रांवर चालणारे 'एआय डंजन'सारखे खेळ निघाले. त्यांत खेळाडूनें वाटेल तें लिहावें आणि यंत्रानें पुढची हकीकत सांगावी. टॉटन आणि वेसली यांची मुभा संगणकावर प्रथमच खरी झाली. राक्षसाला "तुला कोणी पाठविलें?" विचारा, तो उत्तर देतो. आम्हीं प्रयोग केला. राक्षसाचें उत्तर छान होतें. पण थोड्या वेळानें तो तें विसरला, आणि आम्ही "मी राजा आहें" असें लिहितांच त्यानें मुजरा केला. कागा पुन्हा पाण्यावर आलें.

कडक पंचाचे खेळहि थांबलेले नाहींत. बेल्जममधील लॅरियन मंडळींनीं २०२३ मध्यें काढलेला 'बाल्डर्स गेट ३' हा डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमांवर रचलेला आहे; त्यांत पहारेकऱ्याला बोलण्यांत गुंतवितां येतें, राक्षसाशीं तह करतां येतो, कित्येक आडवाटा रचनाकारांनीं वर्षानुवर्षें बसून आधींच लिहून ठेविल्या आहेत. संगणकाला निकाल काढण्यास फासा लागत नाहीं; तो आंतल्या आंत, डोळ्याचें पातें लवण्याच्या आधीं होतो. तरी प्रत्येक अवघड क्षणीं खेळ थांबतो, पडद्यावर वीस बाजूंचा फासा येतो, कोणता आंकडा पडावयास हवा तें वर लिहिलेलें असतें, आणि तो घरंगळत थांबेपर्यंत आम्ही श्वास रोधून पाहत बसतों.